पेशंटजवळ कोण थांबणार?

आमच्या डाएट विभागात रोज सकाळी सातला प्रत्येक वॉर्डाचा एक कागद यायचा. त्यावर खाटेचा नंबर आणि पुढे एकेक शब्द: फुल, सॉफ्ट, लिक्विड, डायबेटिक, बिनमिठाचं, आर.टी. आर.टी. म्हणजे राइल्स ट्यूब. नाकातून जठरापर्यंत सोडलेली नळी आणि तिच्यातून ठरावीक वेळाने द्यायचं पातळ अन्न. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी एकतीस वर्षं आहारतज्ज्ञ होते. तेवढ्या काळात 'आर.टी. फीड' हे शब्द किती हजार वेळा लिहिले असतील, देव जाणे. राइल हा कोणी माणूस असेल, असं मात्र कधी डोक्यातही आलं नाही.

ते मला निवृत्तीनंतर कळलं. जॉन आल्फ्रेड राइल हे लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले डॉक्टर. १९२१ साली त्यांनी ही बारीक नळी आणली ती जठरातला रस थोडा थोडा काढून तपासता यावा म्हणून. अन्न घालण्याचं काम तिच्याकडे मागाहून आलं. याच राइलसाहेबांनी १९३६ साली 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. त्यात अन्न नाकारणाऱ्या ५१ रुग्णांची हकिकत होती, बहुतेक तरुण मुली आणि काही पुरुषही. आजाराचं नाव अॅनोरेक्झिया नर्व्होसा. हे दोन राइल एकच, हे वाचलं त्या दुपारी मला १९९१ च्या पावसाळ्यातली एक मुलगी आठवली आणि चहा तसाच राहिला.

मुलगी बारावी झालेली, हुशार, घरात एकुलती एक. आमच्याकडे येण्याआधी ती बरेच महिने क्षयाच्या गोळ्या घेत होती. आपल्याकडे तरुण मुलगी वाळत चालली की पहिला संशय टीबीचा आणि दुसरा दृष्ट लागल्याचा. खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. तरी गोळ्या चालू. मग थायरॉइड झालं, जंत झाले. घरच्यांना तिच्या उपवासांचं फार कौतुक होतं. संकष्टी, एकादशी, सोमवार, पुढे गुरुवारही. एवढा निग्रह आमच्या पिढीत कोणाला जमला नाही, असं तिची आजी नर्सबाईंना सांगत होती. उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, भगर चालते, दाण्याची आमटी चालते; या मुलीच्या उपवासाला काहीच चालत नव्हतं, आणि तिकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. तिच्या उशीखाली एक वही सापडली. तिच्यात सुंदर अक्षरात 'रुचिरा'तल्या आणि मासिकांतल्या पाककृती उतरवलेल्या होत्या, पुरणपोळीपासून केकपर्यंत. स्वतः घास घेत नाही आणि पाककृती लिहिते, यावर ड्यूटी रूममध्ये हसू झालं. मीही हसले.

वरिष्ठ डॉक्टरांनी निदान केलं ते बरोबर होतं. पाठ्यपुस्तकातल्या दोन परिच्छेदांपलीकडे त्या आजाराबद्दल आम्हा कोणालाच काही ठाऊक नव्हतं, त्यांनी निदान तो ओळखला तरी. हुकूम निघाला: खाटेवरून उठायचं नाही, आर.टी. फीड, आणि आईला वॉर्डात सोडायचं नाही. आई रडते, लाड करते, विनवण्या करते, त्याने बिघडतं. ती बाई तीन आठवडे जिन्याजवळच्या बाकावर स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसायची. माझी ट्रॉली तिच्यासमोरून जायची. मुलीचं वजन वाढलं, तिला घरी सोडलं. दिवाळीनंतर ती परत आली, पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत. पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा ते लोक आमच्याकडे आले नाहीत. पुढचं मला माहीत नाही. डब्यात काय आणलंय, हे मी त्या बाईला एकदाही विचारलं नाही.

आपल्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात कोणालाही दाखल करा, पहिला प्रश्न येतो: पेशंटजवळ कोण थांबणार? खाटेखाली चटई, वर डबा, तांब्या, नातेवाइकाचा पास. अशा देशात एका आजारासाठी आईला बाहेर काढायचं, ही रीत आली तरी कुठून? ते शोधायला मी बसले तेव्हा साठी उलटली होती.

सुरुवात क्षयाच्याच डॉक्टरपासून होते. लंडनचे रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली क्षयरोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी शरीर झिजवणारा पण फुप्फुसांत नसलेला, मनाच्या चिंतेतून येणारा असा एक वेगळा क्षय सांगितला आणि दोन रुग्णांची हकिकत दिली. पहिली एका गृहस्थाची अठरा वर्षांची मुलगी. ताप नाही, खोकला नाही. रात्रंदिवस पुस्तकात डोकं. कातडं पांघरलेला सांगाडाच जणू, असं त्यांनी तिचं वर्णन केलंय. तिला औषधांचा कंटाळा आला, तिने ती सोडली आणि तीन महिन्यांत ती गेली. दुसरा एका पाद्रीबुवांचा सोळा वर्षांचा मुलगा. त्याला मॉर्टनसाहेबांनी अभ्यास सोडून गावाकडे जा, घोड्यावर बस, दूध पी असं सांगितलं. तो बराचसा सुधारला. हा आजार फक्त मुलींचा, असं आजही सर्रास मानतात. पहिल्याच नोंदीत मुलगा आहे, हे कोणी सांगत नाही. आणि पुण्यात तीनशे वर्षांनी त्याच आजाराच्या मुलीला क्षयाच्याच गोळ्या दिल्या जात होत्या.

मग जवळजवळ दोन शतकं फारसं काही नाही. आणि १८७३ साली एकदम दोन देशांत दोन डॉक्टर तेच सांगू लागले. लंडनमध्ये सर विल्यम गल, पॅरिसमध्ये शार्ल लासेग.

गल हे मालवाहू पडाव चालवणाऱ्याचा मुलगा. गाईज हॉस्पिटलमध्येच ते मोठे झाले (राइलसाहेबांच्याही आधी साठ-सत्तर वर्षं त्याच वॉर्डांतून हा आजार हिंडत होता म्हणायचा), १८७१ मध्ये युवराजांना विषमज्वरातून बरं केलं आणि सरदारकी मिळवली. अॅनोरेक्झिया नर्व्होसा हे नाव त्यांचं. नाव तसं चुकलेलंच आहे, कारण त्याचा अर्थ होतो भूक नसणं, आणि यातल्या बहुतेकांना भूक असते, भयंकर असते. पण नाव चिकटलं ते चिकटलं. गल यांनी फोटोंवरून केलेली लाकडी ठशांची चित्रं छापली, आधीचं आणि नंतरचं. औषधांनी काहीही फरक पडला नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. त्यांची 'मिस ए' बरी झाली ती वेळच्या वेळी खाल्ल्यामुळे. एवढ्या अशक्त देहात एवढी चळवळ कशी, ही मुलगी एका जागी बसत का नाही, याचा त्यांना अचंबा वाटला होता. हे वाचताना मला आमची मुलगी आठवली, खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालणारी. त्या येरझाऱ्यांना आम्ही हट्ट म्हणत होतो.

पण गल यांनी आणखी एक सल्ला दिला आणि तो पुढे शंभर वर्षं टिकला. खाण्याच्या बाबतीत रुग्णाची मर्जी विचारू नये. भोवती वचक ठेवणारी माणसं असावीत. आणि या कामाला नातलग आणि मित्रमंडळी बहुधा सगळ्यांत निरुपयोगी. जिन्याजवळच्या बाकाचा पत्ता मला इथे लागला.

लासेग मला जास्त आवडतात. त्यांच्याकडे आठ रुग्ण होते, आणि त्यांनी रुग्णाइतकंच घराकडे पाहिलं. घरच्यांकडे दोनच उपाय असतात, ते म्हणतात: विनवणी आणि धमकी. आधी आवडीचे पदार्थ होतात, ताट सजतं. मुलगी तोंडदेखलं चाखते आणि बाजूला सारते. मग रडारड, मग शपथा, मग रागावणं. जितका आग्रह वाढतो तितकी भूक कमी होते. हळूहळू घरात जेवण सोडून दुसरा विषय उरत नाही, येणारेजाणारे सगळे तेवढंच बोलतात. मुलगी मात्र शांत असते. मला काही दुखत नाही, म्हणजे मी ठीकच आहे, असा तिचा हिशोब.

आग्रह हा शब्द लासेगना मराठीत मिळाला असता तर किती बरं झालं असतं. आमच्या पंगतीतला जिलबीचा आग्रह आठवा. यजमान वाढायला वाकतो, पाहुणा दोन्ही हात पानावर धरतो, 'अर्धी तरी', 'आमची शपथ', आणि शेवटी जिलबी बोटांच्या फटीतून पडतेच. यात दोघांनाही आपापली भूमिका पाठ असते आणि दोघंही हसत असतात. आजाऱ्याच्या घरात हाच खेळ रोज तीन वेळा होतो आणि कोणी हसत नाही. लहानपणी काऊचा घास, चिऊचा घास करून भरवलेल्या आईला दुसरी भाषाच कोणी शिकवलेली नसते. तिची चूक काय?

पॅरिसच्याच साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को यांनी लासेग यांचं निरीक्षण घेतलं आणि गल यांच्यासारखा तोडगा काढला, फक्त अधिक नाट्यमय. १८८५ च्या एका व्याख्यानात ते आंगुलेम गावच्या मुलीची गोष्ट सांगतात. मुलगी मरणाच्या दारात, आईवडील तिला सोडून जायला तयार नाहीत. शार्को त्यांना म्हणाले, पॅरिस सोडून जा, नाहीतर गेल्याचं निदान सोंग तरी करा. ते गेले, मुलगी जेवू लागली. नंतर तिने सांगितलं म्हणे, की आईबाबा होते तोवर माझा आजार एवढा मोठा आहे असं मला वाटलं नाही. ते गेले तेव्हा मी घाबरले. शार्कोंना हा विजय वाटला. मला त्यातला 'घाबरले' हा शब्द टोचतो.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं भराभर सांगण्यासारखी आहेत. फिलाडेल्फियाचे वीर मिचेल यांनी 'विश्रांतीचा उपचार' लोकप्रिय केला: आठवडेच्या आठवडे खाटेवर, दूध, मालीश, विजेचे झटके, वाचन-लेखन बंद, भेटायला कोणी नाही. तो भोगलेल्या शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८९२ मध्ये पिवळ्या भिंतकागदाच्या खोलीत कोंडलेल्या बाईची कथा लिहिली, ती आजही वाचली जाते. मिचेलसाहेबांचं पुस्तक वाचायला मात्र माझ्यासारखी निवृत्त बाई लागते. १९१४ मध्ये हाम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांना एका खंगून मेलेल्या बाईची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी आक्रसलेली सापडली, आणि मग वीसेक वर्षं बारीक झालेल्या मुलींना ग्रंथींचे अर्क टोचणं सुरू झालं. राइल यांचा १९३६ चा लेख या लाटेविरुद्ध होता: मूळ ग्रंथीत शोधू नका, मनात शोधा. तरी १९६० च्या सुमारासही लंडनमध्ये इन्शुलिन आणि क्लोरप्रोमाझिनच्या मोठ्या मात्रा देऊन वजन वाढवणं चालूच होतं. त्यानंतर अमेरिकेतून बक्षीस-शिक्षेची पद्धत आली. रिकाम्या खोलीत ठेवायचं, आणि वजन वाढेल तसतशी एकेक गोष्ट परत द्यायची, आधी पुस्तक, मग रेडिओ, मग भेटायला येणारं माणूस. मुली भराभर खायच्या, सुटायच्या आणि घरी जाऊन पुन्हा आजारी पडायच्या.

हिल्डे ब्रुख यांनी १९७४ मध्ये याविरुद्ध लिहिलं. या बाई मूळच्या जर्मन ज्यू, बालरोगतज्ज्ञ. १९३३ मध्ये जर्मनी सोडून आधी इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेत गेल्या, ह्यूस्टनला प्राध्यापक झाल्या. त्यांचं म्हणणं, आपल्या आयुष्यावर आपला काहीच ताबा नाही असं वाटणाऱ्या मुलीने स्वतःच्या ताटावर ताबा मिळवलेला असतो. तोही तुम्ही हिसकावलात तर तिच्याकडे उरलं काय? १९७८ चं त्यांचं 'सोनेरी पिंजरा' हे पुस्तक अनेक आईवडिलांनी वाचलं. ऐकून घेणं ही उपचाराची सुरुवात आहे, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं, त्याचे उपकार मोठे. पण मुलीला स्वतःची ओळख घडू न देणारी आई, हे चित्रही त्यांच्याच लिखाणातून पसरलं. म्हणजे आधी आईला वॉर्डाबाहेर काढलं होतं. आता तिला आत घेतलं, पण आरोपीच्या पिंजऱ्यात.

इथे मला थांबून मिनेसोटाबद्दल सांगायचंय, कारण माझ्या धंद्याचा संबंध तिथे येतो. दुसऱ्या महायुद्धात युरोप उपाशी होता. युद्ध संपल्यावर त्या माणसांना खायला कसं घालायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत ३६ तरुण ठेवले. सगळे धर्मश्रद्धेपोटी किंवा तत्त्वासाठी बंदूक हातात घ्यायला नकार दिलेले, निरोगी, स्वखुशीने आलेले. फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न मिळालं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. त्यांतला एक हेन्री शोलबर्ग. मिशनरी आईबापांमुळे भारतात वाढलेला हा मुलगा पुढे मिनेसोटातच दक्षिण आशियाच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल झाला आणि गोवा व पोर्तुगीज भारतावरच्या पुस्तकांची सूची त्याने तयार केली. गोव्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हा सूचिकार एकेकाळी बटाट्याच्या फोडी मोजून खात होता!

त्या तरुणांचं वजन घटलं हे अपेक्षितच होतं. पण त्यांचं मन बदललं. ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, हसणं आटलं. एकेक जेवण तास-दोन तास पुरवून खाऊ लागले, पदार्थ कालवून, पाणी घालून, ताट चाटून. स्वप्नात अन्न, गप्पांत अन्न. आणि ज्यांनी जन्मात स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसले. १९५० मध्ये कीज यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. मी तो भाग वाचत होते तेव्हा मला उशीखालची वही दिसली, 'रुचिरा'तली पुरणपोळी, रेघा मारून लिहिलेलं साहित्य आणि कृती. ते ढोंग नव्हतं. उपाशी मेंदू कोणाचाही असो, असाच वागतो. आजार उपासमार घडवतो आणि उपासमार आजाराला घट्ट करते. पोट भरायला लागल्याशिवाय त्या मुलीशी मनाच्या गोष्टी बोलण्यात फार अर्थ नव्हता, आणि पोट भरणं म्हणजे नुसती नळी असाही अर्थ नव्हता. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, हृदय धोक्यात येतं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, पायरीपायरीनेच करावी लागते. हे शिकायला आमच्या पिढीतल्या आहारतज्ज्ञांना उशीर झाला.

सत्तरच्या दशकात आईला बाहेर ठेवण्याची ही रीत हलायला लागली. फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन हे अर्जेंटिनातून आलेले डॉक्टर सगळ्या कुटुंबाला दवाखान्यात जेवायला बोलवू लागले आणि स्वतः टेबलाशी बसू लागले. दोष कुटुंबाच्या घडणीतच शोधायचा, हा त्यांचा ग्रह होता. तरी आईवडील खोलीत होते, हेच नवीन. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, इलिनॉयमधल्या व्हिव्हियन मीहान या नर्सने स्वतःच्या मुलीच्या आजारपणात मदत शोधली. ती सापडेना, तेव्हा तिने अशीच इतर कुटुंबं जमवली. अमेरिकेतली या आजारांसाठीची पहिली मदत-संघटना त्यातून उभी राहिली.

आणि लंडनमध्ये जेराल्ड रसेल होते. १९७९ मध्ये त्यांनी अॅनोरेक्झियाचंच एक वेगळं, जास्त धोक्याचं रूप ओळखलं आणि त्याला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिलं. त्यात माणूस एकदम भरमसाट खातो आणि मग ते बाहेर काढून टाकतो. तो वाळलेला दिसत नाही, त्यामुळे घरात वर्षानुवर्षं कळत नाही. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी 'कॉस्मोपॉलिटन' या बायकांच्या मासिकात एक निवेदन छापलं, आणि शेकडो स्त्रियांची उत्तरं आली. असं करणारी जगात आपण एकटीच, असं त्यांतल्या कितीतरी जणींना तोवर वाटत होतं. फेअरबर्न यांनी त्यांच्यासाठी नेमस्त, संवादाची उपचारपद्धत बसवली: वेळेवर खाणं, नोंद ठेवणं, मनातल्या हिशोबाला हळूहळू प्रश्न विचारणं. बुलिमियासाठी ती आजही पहिली निवड मानली जाते.

रसेल यांच्या वॉर्डातल्या नर्सेस या माझ्या इतिहासातल्या खऱ्या नायिका. त्यांची नावं कुठल्या ग्रंथात नाहीत. त्या जेवणाच्या टेबलाशी मुलींच्या शेजारी बसायच्या. ना विनवणी, ना धमकी. लासेगने सांगितलेले दोन्ही रस्ते सोडून त्यांनी तिसरा धरला: मला माहीत आहे हे कठीण आहे, मी इथेच आहे, पुढचा घास घेऊ. लागेल तेवढा वेळ. मुली वॉर्डात सुधारायच्या. घरी गेल्यावर मात्र घसरायच्या. तेव्हा मॉड्स्ली रुग्णालयात रसेल, ख्रिस्तोफर डेअर, इव्हान आइस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी साधा प्रश्न विचारला: नर्सना येतं ते आईवडिलांना का येऊ नये? वॉर्डातून सुटलेल्या ८० रुग्णांना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. वर्षभर एका गटाला कुटुंबासह उपचार, दुसऱ्याला एकट्याने. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आला. एकोणिसाव्या वर्षाआधी आजार सुरू झालेल्या आणि तीन वर्षांपेक्षा कमी काळ आजारी असलेल्या मुलांमध्ये कुटुंबासह उपचार स्पष्टपणे सरस ठरले, आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हाही तो फरक टिकून होता.

पद्धत सांगायला सोपी आहे. आईवडिलांना सांगायचं, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. का झालं ते आत्ता शोधत बसू नका. मुलगी आणि आजार वेगळे आहेत. सध्या ताट तुम्ही वाढायचं, आणि संपेपर्यंत शेजारी बसायचं. वजन सावरलं की थोडं थोडं करून ताट तिच्या हाती परत द्यायचं. आणि मग तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न.

आमची मुलगी अठराची होती, आजार जेमतेम दोन वर्षांचा. दोन्ही अटींत बसत होती. लेख १९८७ चा आणि बाक १९९१ चा.

याहून जास्त लाज वाटावी अशी गोष्ट तर आपल्याच देशातली आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच रुग्णांच्या नातलगांना बोलावून आवारात तंबू ठोकून दिले होते. जागा नव्हती, नर्सेस पुरेशा नव्हत्या, हे खरंच. पण नातलग राहिल्याने रुग्ण लवकर घरी जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मनोरुग्ण केंद्रातही नातलगाने सोबत राहायचं, ही रीत त्याच दशकातली. तंबूंचा आणि खाण्याच्या आजारांचा थेट संबंध नाही. पण पेशंटजवळ कोण थांबणार हे विचारणारी आपली जुनी सवय पुस्तकातल्या गलसाहेबांपेक्षा शहाणी होती, आणि आम्ही नेमकी याच एका आजारात ती मोडली, कारण आजार इंग्रजी नावाचा होता.

आजार खरंच परका आहे का, हा वाद भारतात बराच चालला. १९९५ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुणींची हकिकत छापली. त्यांच्यात जाड होण्याची भीती, शरीराबद्दलचा विकृत ग्रह, ही पुस्तकी लक्षणं ठळक नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही असेच रुग्ण दिसत होते: पोट फुगतं, भूक नाही, एवढंच म्हणणारे. उलट फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला आणि तीन वर्षांत शाळकरी मुलींच्या खाण्याच्या सवयी कशा बिघडल्या हे अॅन बेकर यांनी मोजून दाखवलं. माझ्या मते दोन्ही खरं. आजाराला बोलायला भाषा लागते. तिकडे ती आरशाची, इकडे कधी ती अॅसिडिटीची, कधी उपवासाची, आणि आता पुण्यामुंबईत आरशाचीही.

निवृत्तीनंतर मी ओळखीच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले. आमच्याकडे पिंपरी-चिंचवडचा पंधरा वर्षांचा एक मुलगा आला. शाळेच्या धावण्याच्या संघातून सुरू झालेलं प्रकरण. वडील कारखान्यात शिफ्टला, आई बँकेत, आजी घरी. रक्ताचे रिपोर्ट बघून, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर मी आहाराचा तक्ता करायला घेतला. वेळ, पदार्थ, प्रमाण, शेरा. तीस वर्षं हेच चार रकाने आखले होते. या वेळी पाचवा आखला: शेजारी कोण.

आईने विचारलं, "मी नसताना सासूबाई बसल्या तर चालेल ना? त्या फार आग्रह करतात हो."

आजी तिथेच होत्या. म्हणाल्या, "नाही करणार. नुसती बसेन. माळ ओढत बसेन."

"माळ नको," मी म्हटलं, "मग तो तुमच्या माळेकडे बघत बसेल. त्याच्याबरोबर तुम्हीही जेवा."

पहिल्या आठवड्याचा तक्ता माझ्याकडे अजून आहे. सकाळी आई. दुपारी आजी. चारला आजी, आणि समोर अर्धी चिक्की उरल्याची नोंद. रात्री वडील, सेकंड शिफ्ट असेल तेव्हा आई. बुधवारच्या दुपारी आजींनी शेऱ्याच्या रकान्यात जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलंय: सगळं जेवला, एक तास लागला, माझ्यावर फार ओरडला, मी काही बोलले नाही, आमटी गार झाली म्हणून परत गरम करून दिली.